क्रीडासेवेतून रोजगाराकडे : महाविद्यालयीन युवकांसाठी एक वाट

पहाटेच्या वेळी धुळे शहरातील एखाद्या मोकळ्या मैदानावर गेले, तर एक दृश्य सहसा नजरेस पडते. अंधार पुरता सरलेला नसतो आणि वीस-बावीस वर्षांची मुले-मुली धावत असतात. कोणी घड्याळ लावून फेऱ्या मोजतो, कोणी गोळाफेकीचा सराव करतो. ही तयारी असते पोलीस भरतीची. जिल्हा पोलीस शिपाई पदाच्या शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ६ धुळ्यातच असल्यामुळे खाकी वर्दीचे आकर्षण या शहराला नवे नाही. आपल्या धर्मग्रामांतील युवकही या धावणाऱ्यांमध्ये आहेत आणि त्यांच्या कष्टांचे आम्हांस कौतुक वाटते.

परंतु जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ, हे वास्तव कोणाला चुकलेले नाही. दोन-तीन वर्षे धावूनही यादीत नाव न आलेला युवक घरी परततो, तेव्हा त्याच्या हाती पदवीचा कागद आणि तंदुरुस्त शरीर याखेरीज काय उरते? मुलाखतीला गेल्यावर ‘अनुभव काय?’ या प्रश्नापुढे तो गप्प होतो. खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत महाराष्ट्रात ५ टक्के आरक्षण आहे हे खरे. पण ते पदके मिळविणाऱ्या गुणवंत खेळाडूंसाठी आहे. ज्यांना खेळाची आवड आहे, पण पदक नाही, अशा असंख्य सामान्य विद्यार्थ्यांचे काय?

अशा विद्यार्थ्यांसाठी मैदानावरच दुसरी एक वाट आहे. ती स्वतः जिंकण्याची नसून इतरांना खेळविण्याची आहे. वस्तीतील मुलांसाठी खेळाचा उपक्रम उभारणे, तो काही महिने नेटाने चालविणे आणि त्यातून नोकरीला उपयोगी पडणारे गुण अंगी बाणविणे, या वाटेचा विचार आम्ही आज वाचकांसमोर ठेवीत आहोत.

रोजगारक्षमता म्हणजे काय?

नोकरी मिळणे आणि रोजगारक्षम असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. नोकरी ओळखीने किंवा योगायोगानेही मिळते. रोजगारक्षमता म्हणजे मिळालेले काम नीट पार पाडण्याची, टिकविण्याची आणि ते सुटले तर दुसरे शोधण्याची पात्रता. विषयाचे ज्ञान तिचा एक भाग आहे. वेळ पाळणे, स्पष्ट बोलणे व लिहिणे, चार जणांबरोबर काम करणे, हिशेब ठेवणे, अडचण आली असता दुसरा मार्ग काढणे आणि झालेली चूक कबूल करणे हा तिचा दुसरा भाग आहे. पहिला भाग वर्गात शिकविता येतो. दुसरा भाग प्रत्यक्ष जबाबदारी खांद्यावर पडल्याशिवाय येत नाही. पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी तापी पार केलेली नाही.

एक उदाहरण

समजा, धुळ्यातील एखाद्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी एक युवती आहे. आपल्या चार मैत्रिणींसह ती ठरविते की, जवळच्या वस्तीतील तीस मुला-मुलींना बारा रविवार खो-खो शिकवायचा. संकल्प साधा वाटतो. पण पुढे काय घडते ते पाहू.

मैदान शाळेचे आहे, म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज लिहावा लागतो. पहिला अर्ज परत येतो, कारण त्यात तारीख, वेळ आणि जबाबदार व्यक्तीचे नाव नसते. ती तो नव्याने लिहिते. मुलींना पाठविण्यास घरचे तयार नसतात, म्हणून दारोदार जाऊन आयांशी बोलावे लागते. तिथे महाविद्यालयातील भाषा चालत नाही. अहिराणीत, घरच्या शब्दांत बोलावे लागते. पहिल्या रविवारी चाळीस मुले येतात आणि दुसऱ्या रविवारी अकराच. तिला प्रथम वाईट वाटते. चौकशी केल्यावर समजते की, त्या वेळी नळाला पाणी आले होते आणि मुले हंडे भरीत होती. ती वेळ बदलते. चौथ्या रविवारी दोन मुलांत मारामारी होते, एकाचा पालक रागावून मैदानावर येतो. त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे लागते. प्रथमोपचार पेटी, चुना आणि पिण्याच्या पाण्याचा खर्च वर्गणीतून झालेला असतो. त्याचा हिशेब मैत्रिणींना द्यावा लागतो. त्यात काही रुपयांचा मेळ बसत नाही, तेव्हा पुन्हा बसून पावत्या तपासाव्या लागतात.

बारा रविवारांनंतर ही युवती कोणत्याही बँकेच्या, दुकानाच्या किंवा संस्थेच्या मुलाखतीला गेली, तर ‘अनुभव काय?’ या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर आहे. ‘मला समाजकार्याची आवड आहे’ हे पोकळ वाक्य तिला परिचयपत्रात लिहावे लागणार नाही. किती मुले आली, किती टिकली, गळती का झाली, ती कशी थांबविली आणि किती पैशांत हे सारे केले, हे ती खरे आकडे देऊन सांगू शकेल. मुलाखत घेणाऱ्याला हवी असते ती हीच माहिती.

खो-खोच का?

हे कार्य कोणत्याही खेळातून करता येईल. तथापि, खान्देशच्या खेड्यापाड्यांत आणि वस्त्यांत खो-खो व कबड्डी यांना तोड नाही, असे आम्हांस वाटते. कबड्डीला १३ मीटर लांब व १० मीटर रुंद जागा आणि बाजूला सात खेळाडू पुरतात. खो-खोला सुमारे २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद मैदान, दोन खांब आणि आखणीसाठी चुना लागतो. महागडे साहित्य, बूट किंवा गणवेश यांवाचून काही अडत नाही. हे खेळ कमी प्रतीचे आहेत, हा समजही आता मागे पडला आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तीत पुरुष व महिला अशी दोन्ही विजेतीपदे भारताने मिळविली आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते : प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे.

नेतृत्वाचे शिक्षणही या खेळाच्या नियमांतच आहे. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण एका आड एक उलट दिशांना तोंड करून बसतात आणि नववा धावतो. धावणाऱ्याला दिशा बदलता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. प्रतिस्पर्धी पलीकडे निसटला, तर बसलेल्या सहकाऱ्याला मागून स्पर्श करून ‘खो’ द्यावा लागतो आणि स्वतः त्याच्या जागी बसावे लागते. आपण कितीही वेगवान असलो तरी एकट्याने गडी बाद होत नाही. ज्याला वेळेवर खो देता येत नाही, तो दमतो आणि संघालाही हरवितो. कार्यालयात, दुकानात, धर्मग्रामाच्या समितीतही असेच असते. सगळे काम स्वतःकडे ओढणारा माणूस कष्टाळू असेल, पण तो चांगला संघटक नसतो.

आपल्या राज्यातील अनुभव

ही कल्पना केवळ कागदावरची नाही. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय हे ख्रिस्ती मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे नाव धारण करणारे, १८८३ साली स्थापन झालेले महाविद्यालय. तेथील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात झोपडपट्टीतील मुले एक फुटकी बादली लाथेने उडवीत खेळताना पाहिली आणि त्यांना फुटबॉल आणून दिला. त्यातून २००१ साली जे कार्य सुरू झाले, ते ‘स्लम सॉकर’ या नावाने ओळखले जाते. बेघरांच्या फुटबॉल विश्वचषकात या कार्यातून घडलेले खेळाडू भारतातर्फे खेळले. २०१६ साली या संस्थेला फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचा विविधता पुरस्कार मिळाला. २०२२ साली नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट याच कार्यावरून आला. येथे खेळायला आलेल्यांपैकी काही जण पुढे स्वतः प्रशिक्षक झाले, आणि ही गोष्ट आम्हांस पुरस्काराहून मोठी वाटते. ज्याला कोणी खेळविले, तोच उद्या इतरांना खेळवू लागला आणि तेच त्याच्या उपजीविकेचेही साधन झाले.

मुंबईत कुलाब्याच्या आंबेडकर नगर या वस्तीत वाढलेल्या अशोक राठोड या तरुणाने २००६ साली आपल्याच वस्तीतील मुलांना फुटबॉल शिकविण्यास आरंभ केला. त्यातून ‘ऑस्कर फाउंडेशन’ उभे राहिले. शाळेत न जाणाऱ्याला खेळ नाही, ही त्यांची अट प्रसिद्ध आहे. वस्तीतील थोरल्या मुलामुलींना धाकट्यांचे नेतृत्व करण्यास तयार करणे हा त्यांच्या कार्याचा मुख्य भाग आहे. बाहेरून कोणी मोठा माणूस येण्याची वाट न पाहता वस्तीतील तरुणच पुढे आला, ही बाब आपल्या युवकांनी ध्यानात घ्यावी.

विद्यापीठाची दारे उघडी आहेत

अशा कार्यासाठी वेगळी संस्था काढण्याची गरज नाही. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांसह सुरू झाली. आज ती बहुतेक महाविद्यालयांत आहे. विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवाकार्य करावे आणि एका सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घ्यावा, अशी तिची रचना आहे. वर्षाचे १२० तास म्हणजे आठवड्याला अडीच तासांहून थोडे कमी. रविवारची एक सकाळ यासाठी पुरेशी आहे.

आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या भागासाठी १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. शाळेची पायरी न चढलेल्या, पण शेतात आणि चुलीपाशी आयुष्याचे ज्ञान मिळविलेल्या स्त्रीचे नाव विद्यापीठाला असावे, यात मोठा अर्थ आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या नव्या अभ्यासक्रमात कार्यानुभव, क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग आणि क्रीडा-सेवेसारखे सहअभ्यासक्रम यांनाही श्रेयांक मिळतात. म्हणजे मैदानावरचे काम आता अभ्यासाबाहेरचे राहिलेले नाही. महाविद्यालयाचे कार्यक्रम अधिकारी आणि क्रीडा संचालक यांना भेटून, काम सुरू करण्यापूर्वीच त्याची नोंद कशी होईल हे विचारून घ्यावे. काम झाल्यावर विचारणाऱ्याचे तास बहुधा वाया जातात.

ख्रिस्तसभेची परंपरा

खेळ, सेवा आणि रोजगार यांचा मेळ ख्रिस्तसभेला नवा नाही. इटलीतील तुरीन शहरात संत जॉन बॉस्को यांनी गरीब, निराधार मुलांना प्रथम खेळाच्या निमित्ताने एकत्र आणले. परंतु ते खेळावर थांबले नाहीत. मुलांना काम देणाऱ्या कारागिरांशी त्यांनी लेखी करार केले. १८५२ सालचा एका सुताराबरोबरचा असा करार आजही जतन केलेला आहे. मुलाला केवळ शिकाऊ कामच द्यावे, त्याला घरगड्यासारखे राबवू नये, मारहाण करू नये आणि सुट्टीच्या दिवशी मोकळीक द्यावी, याची काळजी अशा करारांत घेतलेली होती. अंगणात मुलांसोबत धावणारा धर्मगुरू आणि कराराच्या कागदावर सही करणारा धर्मगुरू एकच होता.

१ जून २०१८ रोजी व्हॅटिकनच्या प्रापंचिक, कुटुंब व जीवन विभागाने खेळाविषयीचा ख्रिस्ती दृष्टिकोन मांडणारा स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला. जून २०२५ मध्ये रोम येथे झालेल्या क्रीडा ज्युबिलीच्या मिस्साप्रसंगी पोप लिओ चौदावे यांनी, खेळ माणसाला एकलकोंडेपणातून बाहेर काढतो, सहकार्य शिकवितो आणि हरायलाही शिकवितो, असा विचार मांडला. भरतीच्या यादीत नाव न आलेल्या युवकाला हरण्याविषयीचा हा विचार विशेष जवळचा वाटेल. आपण हरलो म्हणजे आपण निकामी झालो, असे नव्हे. मैदानावर प्रत्येक मूल हे दर आठवड्याला शिकत असते.

एक धोका

येथे एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळणे योग्य नाही. स्वतःला नोकरी मिळावी म्हणून गरिबांची सेवा करणे, ही सेवा म्हणायची का?

आमचे उत्तर असे की, उपजीविकेची इच्छा हे पाप नव्हे. कष्टाची भाकरी मिळविण्याची तळमळ पवित्रच आहे. परंतु क्रम चुकता कामा नये. मुलांचे हित प्रथम, विद्यार्थ्याचा लाभ त्यानंतर. क्रम उलटला की दोन्ही नासतात. एखाद्या गटाने वस्तीत दोन रविवार यावे, फलक लावून छायाचित्रे काढावीत, प्रमाणपत्र घ्यावे आणि पुन्हा तोंड दाखवू नये, असे झाले तर त्या मुलांच्या मनात काय उरेल? मोठी माणसे येतात आणि जातात, त्यांच्यावर विसंबू नये, हा धडा ती शिकतील. दुसऱ्याचे मूल ही आपल्या प्रमाणपत्राची पायरी नव्हे. शिवाय, अशा विद्यार्थ्याच्या पदरीही काही पडत नाही. कारण अडचणी येऊ लागण्यापूर्वीच तो निघून गेलेला असतो, आणि शिक्षण तर त्या अडचणींतच असते.

आपल्या भागातील एक गोष्ट याच संदर्भात सांगावीशी वाटते. धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलेही बरोबर जातात. दिवाळीनंतर मैदानावरील मुले अचानक कमी झाली, तर एक विद्यार्थी वहीत ‘गैरहजर’ असे लिहून मोकळा होईल. दुसरा विचारील, ‘ही मुले गेली कुठे? त्यांच्या शाळेचे काय?’ दोघांनाही प्रमाणपत्र मिळेल; पण शिक्षण दुसऱ्याचेच झालेले असेल.

आणि एक शब्द आम्हां संस्थाचालकांसाठी. सेवेच्या नावाखाली तरुणांना फुकट राबवून घेण्याचा मोह धर्मग्रामांना आणि शाळांनाही होतो. विद्यार्थ्याचा प्रवासखर्च आणि चहा-नाश्ता याची सोय करणे, त्याचे तास ठरविलेल्या मर्यादेत ठेवणे आणि कामाच्या शेवटी नेमक्या शब्दांत अनुभवपत्र देणे, हे आपले उपकार नव्हेत, ते कर्तव्य आहे. संत जॉन बॉस्को यांनी सुताराकडून जे लिहून घेतले, ते आपणही स्वतःकडून लिहून घ्यावे.

धर्मग्रामाने काय करावे?

प्रथम, ज्यांच्याजवळ मोकळी जागा आहे त्यांनी ती द्यावी. आपल्या अनेक चर्च आणि शाळांची आवारे रविवारी दुपारनंतर रिकामी असतात. ती सर्व धर्मांच्या, सर्व वस्त्यांच्या मुलांना खुली असावीत. खेळाला बोलावून धर्माची चौकशी करू नये.

दुसरे, आरंभ लहान असावा. पाच विद्यार्थी, तीस मुले, बारा आठवडे एवढेच ठरवावे आणि ते पूर्ण करावे. मुलींची संख्या निम्मी राहील असा प्रयत्न असावा. खान्देशचा उन्हाळा लक्षात घेऊन मार्चनंतर खेळ सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच घ्यावा. पिण्याच्या पाण्यावाचून खेळ सुरू करू नये.

तिसरे, मुलांच्या सुरक्षिततेबाबत तडजोड नसावी. पालकांची लेखी संमती घ्यावी. मैदानावर नेहमी किमान दोन जबाबदार प्रौढ व्यक्ती असाव्यात, त्यांत एक स्त्री असावी. कोणीही मुलाला एकट्याने बाजूला नेऊ नये. पालकांच्या संमतीशिवाय छायाचित्रे प्रसिद्ध करू नयेत. बालकांचे लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा प्रत्येक विद्यार्थ्याला समजावून सांगावा. अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे या कायद्याने बंधनकारक आहे.

चौथे, एक वही ठेवावी. दर रविवारी कोण आले, काय ठरले होते, काय घडले, काय चुकले आणि पुढच्या वेळी काय बदलायचे, या पाच ओळी तीत लिहाव्यात. ही वही विद्यार्थ्याच्या परिचयपत्राचा खरा आधार होय. महिन्यातून एकदा धर्मगुरू, धर्मभगिनी किंवा एखाद्या निवृत्त शिक्षकाने विद्यार्थ्यांसह बसून ती वाचावी.

पाचवे, निघण्यापूर्वी वारस तयार करावा. बारा आठवड्यांच्या अखेरीस वस्तीतील एखादा दहावी-अकरावीचा मुलगा किंवा मुलगी खेळ चालविण्यास पुढे आली पाहिजे. विद्यार्थी पदवी घेऊन जाईल. खेळ थांबता कामा नये.

समारोप

संत पौलाने करिंथकरांना लिहिताना शर्यतीत धावणाऱ्यांचा दाखला दिला आहे. खेळाडू नाशवंत मुकुटासाठी एवढा संयम पाळतात, तर श्रद्धावंताने अविनाशी मुकुटासाठी किती पाळावा, असा त्याचा आशय. पहाटे धुळ्याच्या मैदानांवर धावणाऱ्या आपल्या मुला-मुलींच्या अंगी तो संयम आहेच. भरतीत त्यांना यश लाभो, अशी आमची प्रार्थना आहे. मात्र आठवड्यातील एक सकाळ त्यांनी आपल्या मागून येणाऱ्या लहानग्यांसाठी राखून ठेवावी. पालकांनीही ‘मैदानावर वेळ वाया घालवू नकोस’ असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि मूल तिथे काय शिकत आहे हे एकदा जाऊन पाहावे.

ज्याने तीस मुलांना बारा आठवडे सांभाळले, त्याला काम सांभाळता येईल, यात आम्हांस शंका नाही. आणि काम मिळण्यास उशीर लागला, तरी त्या तीस मुलांच्या घरी त्याला कोणी निकामी म्हणणार नाही. प्रभू येशू आपल्या युवकांच्या पावलांना बळ देवो आणि त्यांच्या हातांना सन्मानाचे काम मिळो.